गेम अडकला की आबा निघतात

आमच्या आळीत माझं नाव झालंय. सहदेवची पोरगी, वय काय, वागणं काय, दिवसभर कॉम्प्युटरवर आगगाडीचा गेम खेळत बसते. बाप असा झालाय आणि हिला खेळ सुचतात. परवा किराण्याच्या दुकानात एकीने तोंडावर विचारलं, "काय गं आरोही, कितव्या लेव्हलला पोचलीस?" मी म्हटलं, "काकू, ठाकूरवाडीला." तिला वाटलं मी तिची टर उडवतेय. मी खरं तेच सांगत होते, ठाकूरवाडी म्हणजे आमच्या घाटातलं स्टेशन.

आबा म्हणजे माझे वडील. कर्जतला इंजिन ड्रायव्हर होते, पण बँकरवर. आमच्या भिसेगावात हे कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्याला सांगावं लागतं. पुण्याकडे निघालेली गाडी पळसदरी मागे पडलं की घाटाला लागते, आणि एकट्या पुढच्या इंजिनाला तो चढ झेपत नाही. म्हणून कर्जतला गाडीच्या शेपटाला आणखी इंजिनं जोडतात. ती मागून ढकलतात. वर पोचलं की सुटतात आणि मोकळी खाली येतात, पुढच्या गाडीला ढकलायला. ती बँकर. आबांनी जन्मभर हेच केलं. चढताना त्यांच्यासमोर कधी मोकळे रूळ नव्हते, कायम शेवटच्या डब्याची पाठ. पुढच्याने शिट्टी द्यायची, मग ह्यांनी जोर लावायचा. आई म्हणायची, "आमच्या ह्यांनी हजार गाड्या पुन्याला धाडल्या, पन पुनं काय बघितलं नाय."

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मग विसरायला लागले. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग आपण निवृत्त झालोय हेच. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, ह्यांना कशात तरी गुंतवून ठेवा. सांगायला काय जातं. आबा जेवणाच्या आधी शर्ट घालायचे, डबा मागायचे आणि स्टेशनची वाट धरायचे. ड्युटी हाय, म्हणायचे. तिथली ड्रायव्हर मंडळी ओळखीची, ती चहा पाजून परत पाठवायची. एकदा मात्र आबा स्टेशनात न जाता सरळ लाइनीने पळसदरीकडे चालत सुटले. धाऊ म्हणून एक ट्रॅकमन आहे, लाइनीवर गस्त घालतो, त्याने हाताला धरून आणलं. दारात उभा राहून म्हणाला, "ताई, मागनं गाडी येत हुती. आज मी हुतो म्हनून." पाणीसुद्धा न पिता गेला तो.

तेव्हापासून मी घरूनच काम करते. रसायनीच्या एका कंपनीचे हिशेब बघते, साहेबांच्या हातापाया पडून घरून करायची परवानगी घेतली. पण एका माणसाने दुसऱ्या माणसावर किती वेळ नजर ठेवायची? भांडी घासायची असतात, फोन येतात, आईचे गुडघे गेलेत.

गेमची गोष्ट फोनवरून सुरू झाली. कुणीतरी आगगाडीचा गेम खेळतानाचा व्हिडिओ लागला होता आणि आबा माझ्या खांद्यावरून बघत उभे राहिले. हलले नाहीत. आमटी गार झाली तरी हलले नाहीत. मी शोधाशोध केली तर कळलं, कुठल्याशा देशातल्या एका भल्या माणसाने त्या गेमसाठी आपला अख्खा घाट बनवून ठेवलाय. बोगदे, पूल, पळसदरीचा तलाव, सगळं. फुकट. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

कॉम्प्युटर दिला मुनाफने. हा माझ्या कॉलेजातला, नेरळला जुन्या कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. चांगलं मोठं ग्राफिक कार्ड घातलेलं मशीन होतं, कुणा लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्याने विकलेलं. त्याच्यावर आधी जी सिस्टम होती ती मधेच स्वतःला अपडेट करायला बसायची. गाडी चढावर आणि पडद्यावर, कृपया वाट पाहा. मी मुनाफशी भांडायला गेले तेव्हा तो म्हणाला, "मग लिनक्स टाक. फुकट आहे, आणि तू सांगितल्याशिवाय जागचं हलत नाही. नवऱ्यासारखं." आतून त्याची बायको शकिला म्हणाली, "नवरा सांगूनसुद्धा हलत नाही." तिथेच बसून आम्ही लिनक्स टाकलं.

पहिल्या दिवशी आबांना खुर्चीत बसवलं. आता गेममध्ये कुणीही पुढच्या इंजिनावर बसतं, तसंच मीही बसवलं. आबांनी पडद्याकडे पाहिलं, मोकळे रूळ दिसले, आणि ते उठले. "ही माझी गाडी नाय," म्हणाले. "माझी मागची." मला अक्कल नाही. मग मी दोन दिवस खपून गाडी उलटी रचली. पुढे दुसरं इंजिन, मधे सगळे डबे, आणि शेवटी आबा. समोर शेवटच्या डब्याची लाल पाठ आली तशी त्यांनी खुर्ची पुढे ओढली, बाह्या वर केल्या आणि हात हँडलवर ठेवला. हँडल म्हणजे मुनाफने दिलेला दांडा, विमानाच्या गेमचा. त्यांना चालला.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "बसले गं," म्हणाली. एवढंच म्हणाली आणि पदराने तोंड पुसत आत गेली.

पण मागे बसलं की कॉम्प्युटरला अख्ख्या गाडीचं चित्र काढावं लागतं. वळणावर सगळे डबे एकदम दिसतात, डोंगर, झाडं, खालचा रस्ता. मशीन धापा टाकायला लागलं. चित्र अडखळायचं, आणि तिसऱ्या का चौथ्या दिवशी दुपारी, बोगद्याच्या तोंडाशी, सगळं थांबलं. गोठलं. आवाजसुद्धा बंद.

आबा थोडा वेळ बसून राहिले. कान देऊन ऐकलं. मग ब्रेक ओढून घेतला, उठले, दोरीवर आईचं लाल पोलकं वाळत होतं ते ओढलं आणि दाराकडे निघाले.

"आबा, कुठं?"

"गाडी अडली. मागं झेंडा दाखवाया पायजे."

घाटात गाडी अडली की हा नियमच. मागून दुसरी गाडी येत असेल तर तिला लांबूनच थांबवायचं, म्हणून लाल झेंडा घेऊन कुणीतरी लाइनीने मागे चालत जायचं. आबा त्यासाठी निघाले होते. मी गेम पुन्हा चालू केला, पडद्याकडे बोट दाखवलं, "ही बघा, चालली गाडी." ते म्हणाले, "ही दुसरी. माझी अजून तितंच हाय." आणि ते खोटं नव्हतं.

मी दाराला कडी घातली. ते नको होतं करायला, पण दुसरं काय करायचं होतं? आबा दार बडवायला लागले. आधी हातांनी, मग डोक्याने. "अगं बाई, उघड. मागनं भरलेली गाडी येते. लेकरं हायत तिच्यात. मरतील गं." आणि रडायला लागले. माझ्या बापाला मी त्याच्या आईच्या मौतीलासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं. आईने त्यांना मिठीत धरलं तर तिला ढकलून दिलं. शेवटी दमून तिथेच उंबऱ्याशी झोपले, पोलकं हातात. त्या दिवशी मला कळलं की दार लावणं हा उपाय नाही. दार लावून मी त्यांना वाचवीन, पण ते आत बसून रोज एक गाडीभर माणसं मरताना बघतील.

म्हणजे उपाय एकच. गेम अडकता कामा नये. कधीच.

आता मी काही कॉम्प्युटर शिकलेली बाई नाही. मला एक्सेल येतं. पण बाप दारावर डोकं आपटायला लागला की माणूस काय काय शिकतं. पहिल्यांदा कळलं ते असं की कॉम्प्युटरमध्ये चित्र काढणारे दोघं असतात. एक लहान, मशीनमध्ये आधीपासून असलेला, आणि एक ते मोठं कार्ड. आणि आमचा गेम चालत होता लहानावर. मोठं कार्ड आत ढिम्म बसून होतं. घरात धट्टाकट्टा मुलगा लोळतोय आणि म्हातारी पाणी भरतेय, तसला प्रकार. पडद्याची वायरच वरच्या भोकात घातली होती, कार्डाची भोकं खाली. मी मुनाफला फोन केला. तो म्हणाला, "हो का? असेल." असेल म्हणे.

वायर बदलली, तर कार्डाचा ड्रायव्हर हवा. म्हणजे कार्डाशी बोलणारा प्रोग्रॅम. लिनक्सबरोबर एक आपोआप येतो तो कसाबसा चित्र दाखवतो, खरा वेगळा घालावा लागतो. तो घातला आणि मशीन परत सुरूच होईना. काळा पडदा आणि कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय. आईने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, ड्रायव्हर लागत नाही. ती आबांकडे बघून म्हणाली, "ड्रायव्हर तर हितं सकाळपासून डबा घेऊन बसलाय." मी तिच्यावर ओरडले. मग दोघी हसलो, आणि हसता हसता मी कधी रडायला लागले ते कळलं नाही.

इंटरनेटवर विचारलं. तिथे मदत करणारे असतात, नाही असं नाही, पण एकेक नग. एकाने लिहिलं, माझ्याकडे तर मस्त चालतंय. अरे मग तुझ्याकडे आणून बसवू का बापाला? दुसऱ्याने लिहिलं, आधी सगळी माहिती वाचा. तिसऱ्याने विचारलं, गाडीच्या मागच्या इंजिनावर बसून कोण खेळतं, पुढे बसा, सगळे प्रश्न मिटतील. मी ते पान बंद केलं.

मुनाफ दोन रविवार येऊन बसला. त्यालाही धड येत नव्हतं, माझ्याइतकंच येत होतं. हा खरा ड्रायव्हर सिस्टमच्या आतल्या गाभ्याशी जुळलेला लागतो, गाभा नवा आणि ड्रायव्हर जुना की दोघांचं बोलणं बंद. आणि हा गेम मुळात लिनक्ससाठी केलेलाच नाही, म्हणून मधे एक दुभाष्या बसवायचा, तो गेमचं लिनक्सला सांगतो आणि लिनक्सचं गेमला. त्या दुभाष्याच्याही शंभर जाती. एकावर आवाज नाही, दुसऱ्यावर दांडा चालत नाही. आणि हे सगळं करताना आबा मागे उभे. "काय, लोको फेल हाय का?" "हो आबा, शेडमध्ये घेतलंय." "मंग दुसरं मागवा." त्या दिवसांत ते खरोखरीचे निघून जायचे, मी मागे पळायचे. अंगणाच्या फाटकापाशी धरायचे. एकदा आबा पडले, त्यांच्या कपाळाला टाके घालावे लागले. दवाखान्यातली नर्स माझ्याकडे असं बघत होती, जसं काय मीच ढकललं होतं.

शेवटी लागलं. काय केल्याने लागलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. गाभा एक पायरी मागे नेला, ड्रायव्हर त्याला जुळणारा घातला, दुभाष्या बदलला, आणि गेम चालू केल्यावर कार्डाचे पंखे घोंगावायला लागले. खोलीभर आवाज. आबांनी मान वर केली. "ब्लोअर लागला," म्हणाले. खऱ्या इंजिनात मोटारींना वारा घालणारे पंखे असतात, त्यांचा आवाज आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही. इतके दिवस आमचं इंजिन मुकं होतं, म्हणून ते त्याच्यावर विश्वास टाकत नव्हते. हे मला कोण सांगणार होतं? कुठल्या पानावर लिहिलं होतं?

तरी एक राहिलंच. नवं दृश्य आलं की गेम क्षणभर अडखळायचा. बोगद्यातून बाहेर आला की अडखळला, पूल आला की अडखळला. ते चित्र कसं काढायचं हे कार्ड तेव्हाच पहिल्यांदा शिकत असतं, आणि एकदा शिकलं की साठवून ठेवतं. आबांना तो झटकासुद्धा चालायचा नाही. त्यांच्या लेखी झटका म्हणजे दोन डब्यांना जोडणारी कपलिंग तुटली. मग मी काय करायचे, आबा आंघोळीला गेले की स्वतः बसून कर्जत ते खंडाळा अख्खी गाडी ढकलत न्यायचे. पाऊस लावून न्यायचे, धुकं लावून न्यायचे, म्हणजे कार्डाने सगळं बघून ठेवलेलं असेल आणि आबांना झटका लागणार नाही. त्या सकाळच्या फेऱ्या खिडकीतून आळीला दिसायच्या. ती काकूंची लेव्हल.

वीज गेली तर म्हणून इन्व्हर्टर बसवला. अपडेट सगळे बंद करून टाकले.

आणि मग चाललं. लोण्यातल्या सुरीसारखं चाललं. आबा सकाळी बसायचे, गाडी वर न्यायचे, मोकळं इंजिन खाली आणायचे, दुसरी गाडी. वळणावर अख्खी गाडी दिसायची, एक डबा हलायचा नाही. पुढच्याची शिट्टी आली की त्यांचा हात पुढे जायचा. हात थरथरायचा एरवी, कपातला चहा सांडायचा, पण दांड्यावर गेला की स्थिर. आई दुपारची झोपायला लागली. मी हिशेबाचं काम वेळेवर देऊ लागले. मला वाटलं, जिंकले मी. मुनाफला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, शकिलाला सांगतो, ती बिर्याणी पाठवेल. खरंच पाठवली.

पण माझं सुख बघवत नाही कुणाला, देवाला तर मुळीच नाही.

आबा उठेनात. आधी गेम अडकायचा, निदान त्या निमित्ताने उठायचे. आता अडकतच नव्हता. "आबा, जेवायला चला." "इंजिन सोडून कसा येऊ?" बरं, डब्यात घालून दिलं. डाव्या हाताने खाल्लं, उजवा दांड्यावर. "आबा, जरा पाय मोकळे करा." "रिलीफ आला का?" रिलीफ म्हणजे पाळी संपली की बदली येणारा ड्रायव्हर. तो येऊन ताबा घेईपर्यंत पहिल्याने खाली उतरायचं नाही, काही झालं तरी. वर खंडाळ्याला पोचले तरी उतरत नव्हते, कारण बँकरची पाळी वर संपत नाही, खाली कर्जतला यायचं, पुढची गाडी घ्यायची. गाड्या कुठे संपतात? गेममध्ये तर मुळीच संपत नाहीत.

एके दिवशी खुर्चीखाली ओलं दिसलं. आई फडकं घेऊन खाली बसली. पुसता पुसता म्हणाली, "इंजिनात कुठं सोय असती? जलमभर असंच दाबून बसले." आबांचं लक्ष नव्हतं. समोर बोगदा होता. मी आईला म्हटलं, दे, मी पुसते. तिने दिलं नाही.

मग पाय सुजले. पाठीला चट्टे पडले. डॉक्टर म्हणाले, एवढं बसवू नका. मी गेम बंद करून पाहिला, आबांनी पोलकं घेतलं. गाडी स्टेशनात नीट उभी करून बंद केला, तरी पोलकं. चालू ठेवला तर उठत नाहीत, बंद केला तर लाइनीवर जातात. मी मुनाफला विचारलं, ह्याला काही सेटिंग आहे का रे? तो म्हणाला, "आरोही, ह्याला नसावं गं काही."

आईच म्हणाली. परवाची गोष्ट, चार वाजले असतील, ती चहा ओतत होती. "ते रिलीफ मागतात नव्हं? मंग दे की रिलीफ."

मला ती कल्पना इतकी सोपी वाटली की माझाच राग आला. एवढा घाट मी रोज चढतेय, शिट्ट्या मला पाठ, आणि हे सुचलं नाही. मी मागच्या दाराने बाहेर गेले. खांद्याला ऑफिसची बॅग लावली, केस बांधले, आणि पुढच्या दाराने आत आले. खुर्चीशी उभी राहिले.

"रिलीफला आलेय," म्हटलं.

आबांनी वर पाहिलं. हल्ली मला ते कधी आरोही म्हणतात, कधी बाई, कधी काहीच नाही. त्यांनी माझी बॅग पाहिली, मग तोंड.

"बायका पन घेत्यात आता?"

"हो. घेतात."

"बरं हाय." त्यांनी गाडी थांबवली नाही. पळसदरी मागे पडलं होतं, चढ लागला होता. ते बोलत राहिले आणि मी वाकून ऐकत राहिले. "ब्रेक जरा मऊ हाय, लवकर धरा. पुढच्या बोगद्यात रूळ ओले असतात, चाक जागच्या जागी फिरलं तर रुळावर वाळू सोडा, घाबरू नका. पुढच्याची शिट्टी आल्याबिगर जोर लावू नका. तो काय बघतो ते आपल्याला दिसत नाय, म्हनून त्याचं ऐकायचं. आपलं डोकं चालवायचं नाय." मग त्यांनी दांड्यावरचा हात माझ्या हातासाठी सरकवला. मी हात ठेवला. त्यांचा हात गरम होता. ते दोन्ही हातांनी खुर्ची धरून उठले. किती दिवसांनी आपण होऊन उठले होते. मी खुर्चीत बसले, आणि मला इतकं बरं वाटलं की विचारू नका. आईकडे बघितलं. तीही हसत होती.

"नाव काय तुमचं?" आबांनी विचारलं.

"आरोही."

"अरे वा. माझ्या पोरीचं पन तेच." त्यांनी डबा उचलला, झाकण घट्ट आहे का बघितलं. "आज लई उशीर झाला. ती जेवत नाय माझ्याबिगर. आईचं ऐकत नाय, उंबऱ्यात बसून राहती. जातो मी."

आणि ते दाराकडे निघाले.

मी ताडकन उठले. "आबा, थांबा. घरीच आहात तुम्ही. हे भिसेगावातलं आपलं घर."

ते वळले. इतक्या कडक नजरेने त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं, मी दहावीत नापास झाले तेव्हासुद्धा नाही. "इंजिन सोडलं?" म्हणाले. "चढावर? आत्ता ताबा घेतला ना तुमी?" आणि डबा खाली ठेवून परत यायला लागले, पुन्हा खुर्चीत बसायला.

मी बसले. काय करणार, बसले. दांडा धरला. मान वळवून बघितलं तर ते अजून उभे, मी नीट बसलेय का बघत. शिट्टी आली, मी जोर लावला. त्यांनी मान हलवली, डबा उचलला, चपला घातल्या. मी मनात गेमला म्हणत होते, अडक. एकदा अडक मेल्या, म्हणजे ते मागे फिरतील. गाडी वळणाला लागली, सगळे डबे दिसले, आणि एकही अडखळला नाही. उठून मागे पळावंसं वाटलं, पण दांडा सोडवेना.

ते खिडकीबाहेर दिसत होते. फाटकापाशी थांबून त्यांनी दोन्हीकडे पाहिलं. स्टेशनची बाजू, आळीची बाजू. आई गुडघे धरत त्यांच्या मागे पोचली होती. पायात एक चप्पल तिची, एक माझी.

"बाई," आबांनी तिला विचारलं, "भिसेगावला कुठनं जायाचं?"

आईने पदर नीट केला.

"चला," ती म्हणाली, "मी पन तिकडंच चाललेय."